भागवतचा चौकोन

डॉ. अनिरुद्ध यांनी शिकवलं मात्र चांगलं. हे आधीच सांगते, कारण त्यांनी वाईट शिकवलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

हिंगोलीच्या आमच्या महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. बी.एस्सी. झालेल्या मुलींना इथे दोन वाटा ठाऊक असतात, बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. तिसरी वाट म्हणजे लग्न, तिला कार्यशाळा लागत नाही. म्हणून फेब्रुवारीत मी 'मानवी आनुवंशिकी : शिक्षण आणि पुढच्या संधी' अशी एक दिवसाची कार्यशाळा ठेवली आणि विद्यार्थ्यांबरोबर पालकांनाही बोलावलं. मुलीला लांबच्या विद्यापीठात पाठवायचं की नाही हे मुलगी ठरवत नाही, मग नुसत्या मुलींना माहिती देऊन उपयोग काय?

वक्ते म्हणून डॉ. अनिरुद्ध यांना बोलावलं, कारण प्रियदर्शनी त्यांच्या विभागात होती. डोंगरकड्याची ही मुलगी माझी विद्यार्थिनी. प्रवेश परीक्षा देऊन मानवी आनुवंशिकीच्या एम.एस्सी.ला गेली, आता शेवटच्या वर्षाला होती आणि डॉ. अनिरुद्ध तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक होते. तिची परीक्षा असल्यामुळे ती येऊ शकली नाही. तिचे वडील सोनाजी आले. त्यांचा सत्कार ठेवला होता.

शाल डॉ. अनिरुद्ध यांनीच त्यांच्या खांद्यावर घातली. "तुमची मुलगी आमच्या विभागाचा अभिमान आहे," असं माईकवर म्हणाले. सोनाजी खाली उतरून पहिल्या रांगेत बसले आणि मला हळूच म्हणाले, "म्याडम, फोटो माझ्या भागवतच्या मोबाईलवर टाका बरं. त्यो फाट्यावर दुकानात हाय. लई खुश व्हईल."

भागवत त्यांचा मोठा मुलगा. वारंगा फाट्यावर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

डॉक्टरांनी आधी शिक्षणाचा रस्ता समजावून दिला. बी.एस्सी.नंतर कुठली प्रवेश परीक्षा, एम.एस्सी.त काय शिकवतात, पुढे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम कसं मिळतं, समुपदेशनाचं वेगळं प्रशिक्षण कुठे असतं, पीएच.डी. कोणी करावी. मग म्हणाले, "आमच्या विषयाची एक भाषा आहे. ती तुम्हाला दहा मिनिटांत येईल. वंशावळ."

वंशावळ म्हटल्यावर पालकांत चुळबुळ झाली. जात पडताळणीसाठी वंशावळ जोडताना तहसीलचे खेटे घालून झालेली ही माणसं.

"ती नाही," डॉक्टर हसले. "ही चित्रातली. पुरुष म्हणजे चौकोन. बाई म्हणजे गोल."

"सासू कशी काढायची सर?" डोंगरकड्याचे किशनराव सोनाजींच्या शेजारून ओरडले. त्यांचा मुलगा आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला आहे. "गोलच, का जरा टोकदार?"

सभागृह हसलं. डॉक्टरही हसले. लग्न म्हणजे दोघांमधली आडवी रेघ, मुलं त्या रेघेखाली, जुळी असतील तर एकाच टोकातून दोन फाटे, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ. नात्यात लग्न झालं असेल, समजा मामाची मुलगी केली, तर एकाऐवजी दोन आडव्या रेघा.

"मंग आमच्याकडं फळ्यावर रेघाच रेघा व्हतील," किशनराव म्हणाले, आणि पुन्हा हशा.

"आणि ज्याला आजार आहे त्याचा चौकोन किंवा गोल पूर्ण काळा," डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं. "बस. आता तुम्हाला कोणाचंही घर वाचता येईल."

मग त्यांनी पुढची स्लाईड लावली.

"मराठवाड्यातलं एक शेतकरी कुटुंब. डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसणं कमी होत जातं, दिसणारा भाग आकसत आकसत नळीएवढा राहतो. उपचार अजून तरी नाही. नावं अर्थातच काढली आहेत. बघू, कोण वाचतं?"

मी भिंतीजवळ उभी होते. मला ती वंशावळ ओळखता आली नाही. मी ती जीवशास्त्राच्या शिक्षिकेच्या डोळ्यांनी वाचली. दोन पिढ्यांत नात्यातली लग्नं, अप्रभावी जनुक, दोन पुरुष बाधित. उदाहरण छान आहे असंच मला वाटलं.

किशनरावांनी ती गावच्या माणसाच्या डोळ्यांनी वाचली. ते उभे राहिले आणि बोट दाखवत मोठ्यानं बोलू लागले, वर्गातल्या हुशार मुलासारखे.

"हा वरचा म्हातारा, गेलेला. त्याला दोन बायका. दोघी बहिणी-बहिणी, अन् त्याच्या मामाच्याच पोरी. पहिली वारली. बराबर? तिचा एकुलता एक, हा काळा. आंधळा म्हणा. दुसरीला ह्या जुळ्या पोरी, अन् मंग हा एक चौकोन. ह्यानंबी मामाचीच केली..."

ते थांबले. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण आवाज खाली आला. "सोनाजी, हे तर तुमचंच घर दिसून राहिलं की रं. हे पोरांचे शेषराव काका, ह्या जुळ्या आत्या."

मागे बसलेल्या डोंगरकड्याच्या बायकांनी माना जवळ घेतल्या.

सोनाजी स्लाईडकडे बघत होते. त्यांचे सावत्र भाऊ शेषराव आंधळे होते हे अख्ख्या गावाला माहीत होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. सोनाजींची नजर खालच्या ओळीवर होती. तिथे एक काळा चौकोन, मग एक गोल, मग आणखी एक गोल.

"हा पैला माझा भागवत," ते म्हणाले. कोणाला विचारत नव्हते. मग माझ्याकडे वळले. "म्याडम, ह्याला काहून काळं केलं?"

डॉक्टरांना पहिल्या रांगेतलं हे ऐकू गेलं नसावं. ते म्हणाले, "शाब्बास, बरोबर वाचलंत," आणि पुढची स्लाईड लावली.

सोनाजींनी शाल काढली, तिची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि बाहेर गेले. मी मागोमाग गेले तेव्हा ते व्हरांड्यात फोन कानाला लावून उभे होते. "प्रिया, भागवतच्या डोळ्याला काय झालंय?" ते पुन्हा तेच विचारत होते, त्याच आवाजात.

काय काय झालं होतं ते मला पुढच्या दोन दिवसांत कळलं. भागवतला दीड वर्षापासून संध्याकाळी दिसेना. त्यानं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. फक्त बहिणीला सांगितलं, ती याच विषयात शिकते म्हणून. त्याच सुमारास प्रियदर्शनीच्या पहिल्या सत्रात प्रात्यक्षिक होतं : स्वतःच्या कुटुंबाची तीन पिढ्यांची वंशावळ काढा. माहिती अपुरी असेल तर गुण कापले जातील. तिनं पूर्ण माहिती दिली. ती वंशावळ इतकी सुबक होती की डॉक्टरांनी ती आपल्या व्याख्यानात घेतली आणि गावोगाव दाखवत राहिले.

त्या दिवशी कार्यशाळा संपल्यावर मी डॉक्टरांना आमच्या विभागात चहाला बसवलं आणि विचारलं, "सर, ती वंशावळ प्रियदर्शनीची होती?"

"हो. अप्रतिम काढलीय ना?"

"तुम्ही तिच्या वडिलांना शाल दिली. मग अर्ध्या तासानं त्यांच्यासमोर त्यांचं घर पडद्यावर लावलंत."

ते खरोखर गोंधळले. "अरे हो. ते माझ्या लक्षातच आलं नाही. पण मॅडम, नावं काढली होती."

"इथे नावं लागत नाहीत. दोन सख्ख्या बहिणी एकाच नवऱ्याला, एक आंधळा मुलगा, जुळ्या मुली. या भागात तेवढा पत्ता पुरतो."

"तो योगायोग म्हणायचा. गावातलाच माणूस बसला होता."

"डोंगरकडा इथून तासाभरावर आहे, सर. कोण बसणार होतं?"

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. मी विचारलं, "तिची परवानगी घेतली होती?"

"प्रात्यक्षिक विभागाकडे जमा होतं. शैक्षणिक वापर आहे."

मी त्या अभ्यासक्रमाची पुस्तिका पाहिलेली आहे. मीच मुलींना दाखवते. रुग्णाची संमती, गोपनीयता, नातेवाइकांचे हक्क, हा सगळा पेपर तिसऱ्या सत्रात आहे. घरच्यांची माहिती आणायला लावणारं प्रात्यक्षिक पहिल्या सत्रात. आधी घ्यायचं, आणि घेण्यापूर्वी विचारायचं असतं हे वर्षभरानं शिकवायचं. हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, क्रम अभ्यास मंडळ ठरवतं.

माझी स्वतःची पीएच.डी. सिद्धेश्वर धरणातल्या माशांच्या गुणसूत्रांवर आहे. सभागृहात कोणा माशाचे वडील बसलेले नसतात. माणसांवर काम करायचं तर निराळी तयारी लागते, आणि ती तयारी करून देणाऱ्या विभागाच्या प्राध्यापकाला हे मी सांगत होते. मला आवाज चढवता येत नाही. त्या दिवशी त्याची मला चीड आली.

रविवारी मी डोंगरकड्याला गेले. प्रियदर्शनी घरी आलेली होती. अंगणात नुकती शिजवलेली हळद वाळत घातली होती, तिचा वास कपड्यांत शिरत होता. द्वारकाबाईंनी, तिच्या आईनं, चहा दिला आणि खांबाला टेकून बसल्या.

"ती जाणार न्हाई आता," सोनाजींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. "तुमी बोलावलं म्हणून आलो व्हतो म्याडम, तुमच्यावर राग न्हाई. पण तिथं काय शिकवून राहिले? घरातलं चारचौघांत मांडायचं? मला माझ्या लेकराचं किशनरावाच्या तोंडून कळावं?"

"आबा, माझं चुकलं," प्रियदर्शनी म्हणाली. तिचा चेहरा सुजला होता.

"मला तर बायका दोन रेघा म्हणून राहिल्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "किशनरावाची बायको विहिरीवर म्हणे, तुमच्या लग्नाच्या दोन रेघा व्हत्या, म्हणून झालं. माझ्या माहेराचं आलं म्हणे."

"तसं नसतं," मी म्हटलं. "एक जनुक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्हीकडून मिळाल्याशिवाय होत नाही."

"मंग तिकडं पडद्यावर तुमी तसं काहून न्हाई सांगितलं?"

तेव्हा मी भिंतीला टेकून उदाहरण छान आहे असं म्हणत होते.

भागवत आतून आला. उंबऱ्यावर त्यानं पायानं चाचपलं नाही, पण चौकटीला हात लावला. तो माझ्यासमोर बसला. "म्याडम, केवढा व्हता तो चौकोन?"

"पडद्यावर? पाटीएवढा असेल."

"अन् पुरा काळा?"

"हो."

"मला समोरचं सगळं दिसतंय. बारीक स्क्रू दिसतो मोबाईलमधला. पुरा काहून केला?"

"पद्धत तशी आहे. आजार असला की काळा, नसला की पांढरा."

"मधलं काही न्हाईच?"

"नाही."

मग बहिणीकडे न बघता तो म्हणाला, "मी तुला सांगितलं व्हतं. कागदाला न्हाई."

"दादा, मार्क कापले असते."

"कितीचे?"

त्या प्रात्यक्षिकाला दहा गुण होते.

मग प्रियदर्शनी डोळे पुसून म्हणाली, "सरांनी इथं यावं. दादाच्या समोर बसून विचारावं. दादा न्हाई म्हणला तर ती स्लाईड काढून टाकावी. मंग मी त्यांच्याकडं प्रबंध करीन. न्हाईतर न्हाई."

"येतंय कोण," सोनाजी म्हणाले.

मी हळदीच्या कडेनं रस्त्यापर्यंत गेले आणि डॉ. अनिरुद्ध यांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांचा सूर एकदम मोकळा झाला.

"मॅडम, यातून चांगलंच काही निघेल. आपण सगळ्या कुटुंबाचे रक्ताचे नमुने घेऊ. तपासणी मोफत. तिचा प्रबंध त्यावरच होऊ दे, शोधनिबंध उत्तम होईल. फक्त तिला म्हणावं लवकर परत ये."

"ते तुम्हाला यायला सांगतायत. विचारायला."

"माझं वेळापत्रक तुम्हाला माहीत आहे."

"मग स्लाईड काढाल?"

"तिच्यात ओळख पटण्यासारखं काहीच नाही. मी पुन्हा सांगतो."

"सर," मी विचारलं, "पहिल्या वर्षाला शिकवताना तुम्ही स्वतःच्या घरची वंशावळ कधी काढून दाखवली आहे?"

"माझ्या? कशाला?"

"उदाहरण म्हणून. नावं न घालता."

पलीकडे गाडीचा हॉर्न ऐकू आला. मग ते म्हणाले, "मॅडम, ते जरा व्यक्तिगत झालं."

मी "बरोबर आहे" म्हटलं. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात येईल म्हणून मी थांबले. आलं नाही. त्यांनी दुसऱ्या बैठकीचं कारण सांगून फोन ठेवला.

अंगणात परत येऊन मी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, मोफत तपासणीसकट. सोनाजी हसले, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "म्हंजे आता रगतबी द्या."

"झालं तर मग," द्वारकाबाई म्हणाल्या. "राहू दे पोरीला घरी."

"राहू द्यायचं न्हाई," भागवत म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. "मला तकलीफ झाली, खरं हाय. हिच्यावर राग हाय, त्योबी खरा. पण माझ्या नावावर हिला घरी बसवू नका. उद्या लोक म्हणतील, भावाचे डोळे गेले म्हणून बहिणीचं शिक्षण गेलं. अजून एक काळं माझ्यावर नगं."

सोनाजी उठून हळदीकडे गेले आणि अजून न वाळलेली हळद उगाच हातानं पसरत राहिले. त्या दिवशी त्यांनी हो म्हटलं नाही. आठवडाभरानं त्यांचा मला फोन आला. त्या माणसाच्या हाताखाली नको, एवढंच म्हणाले.

मी डॉक्टरांच्या विभागाला लेखी तक्रार केली. उत्तर आलं : सादरीकरणात कोणाचीही ओळख उघड करणारा तपशील नव्हता, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. त्याच आठवड्यात कार्यशाळेबद्दल आभारपत्र आणि व्याख्यानाची फाईल आमच्या संकेतस्थळावर टाकण्यासाठी आली. वंशावळ तिच्यात होती. मी ती टाकली नाही. आमचे प्राचार्य बंडोपंत भले गृहस्थ आहेत, ते म्हणाले, "मॅडम, कशाला वाकडं घेता? ते परीक्षक म्हणून येत असतात आपल्याकडे." मी म्हटलं, येऊ द्या.

प्रियदर्शनीनं मार्गदर्शक बदलून मागितला. कालिंदी नावाच्या एका तरुण अध्यापिकेनं तिला घेतलं, पण विषय नव्यानं सुरू करायचा म्हणजे एक सत्र गेलं. प्रियदर्शनीनं आपली वंशावळ परत मागितली. विभागानं कळवलं की ती परत घेतली तर त्या प्रात्यक्षिकाचे गुण रद्द होतील आणि पेपर पुन्हा द्यावा लागेल. तिनं परत घेतली. मूळ कागद तिला मिळाला. स्लाईड डॉ. अनिरुद्ध यांच्याकडे आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे ते अजूनही ती दाखवतात.

ती निघाली त्या सकाळी मी वारंगा फाट्यावर गेले. लांबची गाडी तिथे थांबते. मी चहाच्या टपरीशी उभी होते तेव्हा डोंगरकड्याकडून मोटारसायकल आली. प्रियदर्शनी चालवत होती, पुढे टाकीवर तिची पिशवी, मागे भागवत. गाडी त्याच्या दुकानापुढे लागली. संध्याकाळी त्याला न्यायला आता सोनाजी येतात.

"पुन्हा द्यायच्या परीक्षेत तेच प्रात्यक्षिक आहे," मी तिला म्हटलं. "स्वतःच्या घरची वंशावळ. काय काढणार आहेस?"

"काढणार न्हाई. लिहीन की घरी विचारलं, न्हाई म्हणाले."

"गुण मिळणार नाहीत."

"मागच्या बारीला मिळाले व्हते की," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावली.

शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून लालसिंग बाहेर आला. हाताला लागलेलं काळं पुसत भागवतला म्हणाला, "काय शेठ, आज ड्रायव्हर ठेवला का? बहिणीला गाडी देऊन मागं बसून राहिला."

मी भागवतकडे पाहिलं. प्रियदर्शनी काहीतरी सांगायला पुढे झाली. भागवतनं तिचा हात धरून तिला थांबवलं.

"मला बाजूचं दिसत न्हाई आता," तो लालसिंगला म्हणाला. "अन् दिवस मावळला की काहीच न्हाई. समोरचं दिसतंय. तुझं तोंड दिसून राहिलं, धुऊन ये."

लालसिंग हसला नाही. "कधीपासून रं?" असं विचारत तो जवळ आला, आणि भागवत शटरला किल्ली लावता लावता त्याला पहिल्यापासून सांगायला लागला.